आमच्या घरचे सेफ्टी ऑफिसर

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा कंपनीने शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि एक भलामोठा लाल टॉर्च दिला. शाल सासूबाईंनी पांघरली, श्रीफळाच्या वड्या झाल्या, घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. टॉर्च टिकला. आणि त्या टॉर्चच्या मागोमाग कंपनीचं अख्खं सेफ्टी डिपार्टमेंट आमच्या घरात शिरलं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून हयात घालवलेला माणूस निवृत्त होतो म्हणजे त्याचा पगार थांबतो, नजर थांबत नाही. सुरुवातीला हे निमूटपणे पेपर वाचत बसायचे. मी मनात म्हटलं, चला, स्वभावाला औषध मिळालं. मग एके सकाळी मी पोळ्या लाटत असताना हे हाताची घडी घालून ओट्यापाशी येऊन उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, आपल्याकडे हाउसकीपिंग फार वीक आहे."

माझ्या हातात लाटणं होतं. तरीही काही झालं नाही, याची नोंद त्यांनी त्यांच्या डायरीत 'नियर मिस' म्हणून केली असणार. कारखान्यात अपघात होता होता राहिला की त्याला तसं म्हणतात. आमच्या घरी दूध उतू जाता जाता राहिलं, सासूबाईंचा पाय ओल्या पायपुसण्यावरून सरकता सरकता राहिला, चिरंजीवांनी ओल्या हाताने मिक्सरचं बटण दाबता दाबता आवरलं, हे सगळं आता तारीख-वारानिशी नोंदलेलं असतं. खाली 'कारण' आणि 'उपाय' असे दोन रकाने. 'कारण'च्या रकान्यात बहुधा मी असते.

एक आधीच सांगून टाकते. ह्यांचं म्हणणं जवळजवळ नेहमी बरोबर असतं, आणि खरा जाच तिथेच आहे. चुकणाऱ्या नवऱ्याशी कसं वागायचं हे आईने मला लग्नाआधी व्यवस्थित शिकवलं होतं. बरोबर असणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, ते तिलाही ठाऊक नसावं. माझे वडील तसे सुखाचे होते.

सुरुवात गॅसपासून झाली. सिलिंडरवाला मुलगा सिलिंडर ठेवून पैसे घ्यायला उभा, आणि हे टॉर्च घेऊन सिलिंडरपुढे उकिडवे बसलेले. सिलिंडरच्या वरच्या कड्याला ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी त्यापुढच्या तिमाह्या. पुढचे आकडे वर्षाचे. तोवर त्या टाकीची चाचणी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. इतकी वर्षं मी त्या टाकीवर रांधते आहे, पण मला ते रंगाचे फराटे वाटायचे. तारीख पुढची निघाली. मग सील पाहिलं. मग व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते पाहिलं. मग "१४.२ किलो भरतंय का, वजनकाटा आणलायस?" अशी विचारणा झाली. तो मुलगा हवालदिल होऊन माझ्याकडे बघत म्हणाला, "काकू, अजून अख्खी गल्ली राहिलीय."

त्याला सोडल्यावर मोर्चा नळीकडे वळला. गॅसच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. आमच्या नळीवरची तारीख वाचून ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. नळीची मुदत संपली तेव्हा चिरंजीव दहावीला होते. आता ते इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही. नवी नळी बसेपर्यंत ह्यांनी आम्हाला गॅसवर व्याख्यान दिलं. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला की दिवा-पंखा लावायचाही नाही आणि बंदही करायचा नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावायचा. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे रे, पण चहा कधी?"

नंतर पाळी आली सुमनमावशींची. मावशी बाथरूम घासायला बसल्या की आधी ब्लीचिंग पावडर भुरभुरतात आणि वर ॲसिडची बाटली उपडी करतात. ह्यांनी ते पाहिलं आणि असे ओरडले की मावशींच्या हातातला ब्रश उडाला. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. कारखान्यात ह्याच वायूसाठी भोंगा वाजतो, माणसं तोंडाला मास्क बांधून पळतात. आणि इथे चार बाय सहाच्या मोरीत दार लावून घेऊन मावशी तो तयार करत होत्या.

"पण काका, डोळ्यांत पाणी आल्याशिवाय घासल्यासारखं वाटत नाही," मावशी म्हणाल्या.

एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरं, मध्ये भरपूर पाणी आणि खिडकी उघडी, असा तह झाला. मावशी तेव्हापासून ह्यांना माझ्यादेखत 'काका' आणि माझ्या अपरोक्ष 'इन्स्पेक्टर' म्हणतात.

ह्यांच्या ज्ञानाचा सर्वांत मोठा फटका माझ्या नणंदेला बसला. ती रोज सकाळी फोनवर घरगुती युक्त्यांचे व्हिडिओ पाठवते. तिची लाडकी युक्ती म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. सिंक तुंबलं, ओता. फरशीवर डाग, ओता. फेस कसा फसफसून येतो! ह्यांनी तिला उलट फोन लावून सांगितलं की एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात, फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, आणि उरतं ते थोडंसं क्षार मिसळलेलं पाणी. वेगवेगळं वापर, दोन्ही कामाची आहेत. नणंद दोन दिवस बोलली नाही. आमच्या सिंकचं म्हणाल तर ह्यांनी खालची बाटली फिरवून उघडली. आत भाताचा गोळा, माझी हरवलेली जोडवी आणि सासूबाई ज्यासाठी मावशींवर संशय घेत होत्या तो साखरेचा चमचा.

वाणसामानाच्या फडताळाला मात्र ह्यांना हात लावता आला नाही. ते सासूबाईंचं संस्थान. तिथे तांदळाला बोरिक पावडर चोळलेली असते, तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात दिलेला असतो, गव्हात कडुलिंबाचा वाळवलेला पाला आणि रव्यात लवंगा. पावसाळ्याआधी सगळं उन्हात पडतं, निवतं, मगच डब्यात जातं. गरम धान्य झाकलं तर आत घाम धरतो आणि किडे आमंत्रण दिल्यासारखे येतात. ह्यांनी सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायचा घाट घातला : आत काय, भरल्याची तारीख, जुनं आधी वापरावे. पोह्यांपर्यंत सासूबाईंनी सोसलं. लोणच्याच्या बरणीवर 'वापरण्याची अंतिम मुदत' लिहायला गेले तेव्हा त्यांनी ह्यांच्या हातातून पेनच काढून घेतलं. "बाळ्या," त्या म्हणाल्या, आणि साठीच्या माणसाला बाळ्या म्हटल्यावर त्याची सेफ्टी जागच्या जागी संपते.

औषधांच्या डब्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. आमच्याकडे औषधं एका जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात आणि प्रत्येक पट्टी नेमकी तारीख छापलेल्या टोकाकडून कापलेली असते. म्हणजे गोळी आहे, पण ती कसली आणि कधीची हे देवालाच माहीत. आता नियम असा की तारखेचं टोक शेवटपर्यंत कापायचं नाही. डब्याच्या झाकणाच्या आत ह्यांनी जुलाबाचं पाणी लिहून चिकटवलंय : उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सपाट या शब्दाखाली दोन रेघा. सासूबाईंनी त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलंय, 'लिंबू चालेल'.

आता कोरड्या दिवसाबद्दल. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून उडेपर्यंत त्याला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा घरातलं साठवलेलं सगळं पाणी रिकामं करायचं, आणि नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून भांडं आतून खसखसून घासायचं. हे सगळं महापालिकेची माणसं दरवर्षी दारावर येऊन सांगतात आणि आपण "हो हो" म्हणून दार लावतो. ह्यांनी दार लावलं नाही. ह्यांनी रविवार ठरवला.

टॉर्च घेऊन हे घरभर फिरले. कुंड्यांखालच्या ताटल्या, बाटलीतला मनी प्लांट, गॅलरीतली फुटकी बादली हे आपल्यालाही सुचतं. पण फ्रिजच्या मागे, खाली, कॉम्प्रेसरजवळ एक ट्रे असतो आणि त्यात पाणी साचतं, हे मला संसारात प्रथमच कळलं. त्या ट्रेमध्ये टॉर्चच्या उजेडात काहीतरी वळवळत होतं. इतका आनंद मी ह्यांच्या चेहऱ्यावर मुलगा झाला तेव्हाही पाहिला नव्हता.

त्या उत्साहात त्यांनी पिंप ओतलं. बादल्या ओतल्या. हंडा, कळशी, पाहुण्यांच्या बाथरूममधला टब, सगळं घासून गॅलरीत पालथं घातलं. मी भाजी घेऊन आले तेव्हा हे कपाळावरचा घाम पुसत, विजयी मुद्रेने सोफ्यावर बसले होते. मी हात धुवायला नळ सोडला. नळाने एक सुस्कारा टाकला.

जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी रविवारी दिवसभर पाणी बंद, अशी सूचना खाली फलकावर लागली होती. ती कुणी वाचली नव्हती. कारण तिच्यावर ह्यांनीच लावलेला 'लिफ्ट वापरताना घ्यावयाची काळजी' हा कागद होता.

त्या दिवसाचं वर्णन नको. शेजारच्या वहिनींनी एक बादली दिली. ह्यांनी ती हातात घेतली, टॉर्च मारून आत अळ्या आहेत का ते नीट पाहिलं, आणि मगच "थँक्यू वहिनी" म्हणाले. दुपारी सासूबाईंनी देवघराच्या मागून झाकलेली एक भरली कळशी बाहेर काढली. ह्यांनी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "फडकं बांधलंय वरून. डास काय, मुंगी जाणार नाही. बघ तुझा टॉर्च मारून."

आणि दारामागची पिशवी. आणीबाणीची पिशवी. ह्या पिशवीविरुद्ध काही बोलायची सोय नाही, कारण लगेच उत्तर येतं, "२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर." त्या रात्री हे घरी आले नव्हते, फोन लागत नव्हता, त्यामुळे हा आकडा ऐकला की मी गप्प बसते. पिशवीत टॉर्च, सेल, पॉवर बँक, कागदपत्रांच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये, सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्या, सुटे पैसे, चिवड्याचं पाकीट, पाण्याची बाटली आणि एक शिट्टी. माणूस अडकला की ओरडून घसा बसतो, शिट्टी फुंकता येते.

पहिल्या जोरदार पावसात रात्री दिवे गेले. "घाबरू नका," हे अंधारात म्हणाले. आम्ही कुणी घाबरलो नव्हतो. त्यांनी पिशवी आणली आणि आत हात घातला. पॉवर बँक चिरंजीवांबरोबर लोणावळ्याला गेली होती. टॉर्च होता, पण त्यातले आणि सुटे असे सगळे सेल निवृत्तीच्या घड्याळात, रिमोटमध्ये आणि मावशींच्या नातवाच्या मोटारीत वाटले गेले होते. सुटे पैसे भाजीवाल्याकडे. चिवड्याबद्दल सासूबाईंनी मौन पाळलं. पिशवीत उरले होते आमच्या आधार कार्डांच्या प्रती आणि शिट्टी.

ह्यांनी शिट्टी फुंकली. रागाने फुंकली की तालीम म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही. पण रात्री दहा वाजता बंद जिन्यात ती अशी काही घुमली की चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत दारं उघडली. वॉचमन काठी घेऊन धावत आला. कुणी म्हणालं चोर, कुणी म्हणालं शॉर्टसर्किट. लोक मुलंबाळं, एकाने तर टीव्ही उचलून खाली पार्किंगमध्ये जमले. हे सर्वांत शेवटी उतरले, मोबाइलच्या उजेडात घड्याळ पाहिलं आणि भारावून म्हणाले, "सहा मिनिटांत पूर्ण इमारत रिकामी! आमच्या प्लांटला कधी जमलं नाही."

मला वाटलं, आता सोसायटी ह्यांना बाहेर काढते. झालं उलटंच. पुढच्या सभेत ह्यांना एकमताने सुरक्षा समितीचं अध्यक्षपद दिलं. आता हे सकाळी नऊला टॉर्च घेऊन बाहेर पडतात ते जेवायलाच येतात. सध्या बी विंगमध्ये फ्रिजमागच्या ट्रेची तपासणी चालू आहे. मी दुपारी निवांत वर्तमानपत्र वाचते, मावशी मनासारखं घासतात, सासूबाईंनी बरणीवरची चिठ्ठी सोलून काढली आहे. बी विंगच्या बायका लिफ्टमध्ये भेटल्या तर माझ्याशी बोलत नाहीत, पण मीही काही विचारत नाही.