गाय बसल्यावर कलम वाचत बसायचं का?

नुकतीच व्यालेली गाय रात्री बसली, कान गार पडले, मान पोटाकडे वळली की गोठ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. कॅल्शियमची बाटली शिरेतून गेली पाहिजे. तीही सावकाश, घाईने सोडली तर गायीचं हृदयच बंद पडतं. सकाळची वाट बघाल तर गाय गेली. आणि अशा वेळी गावातला जनावरांच्या उपचाराचा डिप्लोमा, म्हणजे पदविका, केलेला पोरगा, हात चांगला असलेला, म्हणतो, "दादा, मी नाही, उद्या कोणी तक्रार केली तर गुन्हा माझ्यावर."

त्याचं तरी काय चुकलं? 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे, त्यातलं कलम 30. पदविकावाल्याने फक्त किरकोळ सेवा द्यायच्या. लस टोचा, खच्चीकरण करा, जखम बांधा, वर राज्य सरकार अधिसूचनेत जे घालेल ते. आणि हे सगळं नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली! रात्री दोन वाजता आमच्या वस्तीवर ही देखरेख करायला येतंय कोण?

बरं, सरकार स्वतः काय करतं बघा. श्रेणी दोनचे जनावरांचे दवाखाने पशुधन पर्यवेक्षकाच्या, म्हणजे डिप्लोमावाल्याच्याच, भरवशावर चालवतं. पदवीवाले डॉक्टरसाहेब तालुक्याला, त्यांच्याकडे आणखी कुठला तरी अतिरिक्त कार्यभार. सरकारी खुर्चीत बसला की तोच डिप्लोमा चालतो, मोटरसायकलवर आला की बोगस. वा रे न्याय!

डॉक्टर लोक म्हणतात, हे डिप्लोमावाले वाटेल तशी प्रतिजैविकं टोचतात, ती दुधात उतरतात. टोचतात काही जण, मान्य. मग त्यांना नोंदणी द्या ना! मेडिकलवाल्या फार्मासिस्टची नोंदणी असते, नर्सची असते. चुकला तर रद्द करता येते. या पोरांची परिषदेच्या नोंदवहीत नावंच नाहीत, तिथे पदवीवाल्यांनाच जागा. मग रद्द काय करणार, कपाळ? 2021 मध्ये या डिप्लोमावाल्यांनी आंदोलन केलं तेव्हा हाल झाले आमच्या जनावरांचे.

यात मजा कोणाची होते सांगू? ज्याने डिप्लोमाही केला नाही, कोणाच्या तरी मागे नत्रपात्र (कृत्रिम रेतनाच्या कांड्या गार ठेवायचं भांडं) उचलत शिकला, त्याची. त्याला कलम ठाऊक नाही, त्यामुळे भीतीही नाही. बोलावलं की येतो, बाटली धडाधड सोडतो, पैसे घेतो आणि निघून जातो. गाय मेली तर तक्रार करायची कुठे, ते कोणीच सांगत नाही.