‘पोरखेळ’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

म्हाताऱ्या माणसांचा तोल कसा तपासतात यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “ताई, फोर्स प्लेटच्या जमान्यात खुर्ची, घड्याळ आणि डोळे मिटून उभं करणं हा पोरखेळ आहे. टीयूजीच्या एका आकड्यावरून कोण पडेल ते सांगता येत नाही. बर्गमध्ये बऱ्यापैकी चालणारे सगळेच वरच्या टोकाला जाऊन बसतात. आणि त्यात १२ नाही, १४ गोष्टी करून घेतात. आधी अभ्यास करा.”

बाकीच्या वाचकांसाठी: फोर्स प्लेट म्हणजे उभ्या माणसाचे हेलकावे मोजणारी पाटी, टीयूजी म्हणजे खुर्चीतून उठून चालून परत बसायला किती सेकंद लागतात ते मोजणं, बर्ग म्हणजे तोलाच्या कामांना गुण देणारी चाचणी, आणि तिचं वरचं टोक म्हणजे जवळजवळ पूर्ण गुण. आता चूक आधी कबूल करते. बर्गमध्ये १४ गोष्टी, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६. मी १२ लिहिलं. छप्पन्नला चारने भागणं पाचवीतल्या पोराला जमतं, मला रात्री साडेअकराला जमलं नाही.

आता पोरखेळ. ‘ताई’ म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच शब्दात अक्कल काढायची, ही कुठली रीत? मुद्दा असेल तर मुद्दा मांडा, मी ऐकून घेते. सव्वीस वर्षं सोलापुरात ओपीडीत उभी आहे. तुमच्यापेक्षा तिखट बोलणारे पेशंटचे जावई रोज भेटतात. पण त्यांची सासू पडलेली असते, म्हणून त्यांचं बोलणं मनाला लावून घेत नाही.

डोळे मिटून उभं करण्याला तुम्ही हसलात. ही चाचणी बर्लिनच्या डॉ. रॉम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाते आणि १८४०च्या दशकातली आहे, तेव्हा जुनी आहे हे कबूल. त्यांच्यासमोर सिफिलिसने मज्जारज्जूचा मागचा भाग खराब झालेले रुग्ण होते. डोळे उघडे असेपर्यंत उभे, मिटले की झोकांड्या. का, तर उभं राहायला आपल्याला तिघांची साथ लागते: डोळे, आतला कान, आणि तळपाय नि सांध्यांकडून येणारी खबर. खबर तुटली की सगळा भार डोळ्यांवर येतो, आणि मग डोळे मिटले की माणूस कोसळतो. लहान मेंदू (सेरेबेलम) बिघडलेला रुग्ण डोळे उघडे असतानाही डुलतो. हा फरक पाय जुळवून उभं केल्यावर अर्ध्या मिनिटात कळतो. खर्च शून्य. फक्त दोन्ही हात त्याच्या खांद्यांपाशी तयार ठेवायचे, तेवढं भान हवं.

सिफिलिसचे तसे रुग्ण आता क्वचित. माझ्याकडे येतात ते पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह असलेले, नाहीतर बी-१२ कमी झालेले शाकाहारी आजोबा. ते “प्रोप्रिओसेप्शन गेलं”, म्हणजे पायांची खबर तुटली, असं म्हणत नाहीत. “पाय गादीवर पडल्यासारखे वाटतात,” म्हणतात. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागतं. हे ऐकलं की मी आधी डोळे मिटायला सांगते. तुमची प्लेट हेलकावे मिलिमीटरमध्ये मोजेल, उत्तम. पण ती लाखांत येते आणि आमच्या जिन्यावरून चढवता येईल का याची मला शंका आहे. शिवाय जाड फोम आणि सहा निरनिराळ्या स्थिती घेऊन तिघांपैकी कोण कमी पडतंय हे वेगळं काढायची पद्धत शमवे-कुक आणि होराक या संशोधकांनी १९८६ मध्येच दिली आहे. तीही पोरखेळच का? फोमचा तुकडा गादीवाल्याकडे मिळतो.

घरचं सांगते, म्हणजे ‘अभ्यास’ कुठे झाला ते कळेल. माझ्या आईला मी स्वतः आमच्या व्हरांड्यात टीयूजी करायला लावली होती. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. अकरा सेकंद. बारा किंवा जास्त लागले तर काळजी करायची, म्हणून मी निर्धास्त. तीन महिन्यांनी रात्री लाईट गेलेली असताना ती बाथरूमच्या दारात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मधुमेह बावीस वर्षांचा. डोळे मिटून उभं राहायला मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. रोज परक्यांना सांगते, आईला नाही. त्या रात्रीपासून ही चाचणी मी कुणाचीच सोडत नाही, आणि तिला कुणी पोरखेळ म्हटलं की मला राग येतो. येणारच.

यावर तुम्ही लगेच म्हणाल, बघा, टीयूजीच्या एका आकड्याने कळत नाही हेच मी म्हणत होतो. म्हणा. लेखात ते ठळक लिहायला हवं होतं की नको, हा वाद मी इथे घालत बसत नाही. एका आकड्यावर कुणी विसंबत नाही हे शहाण्या वाचकाला कळतं. बर्गच्या वरच्या टोकाचं म्हणाल, तर माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्टुलावर आळीपाळीने पाय ठेवतानाच घाम फुटतो. वरच्या टोकाची चैन ज्यांच्या दवाखान्यात परवडते त्यांनी करावी.

मूळ लेखात १२ चं १४ केलं आहे. दुरुस्तीखाली तुमचे नावानिशी आभार मानले असते, पण तुम्ही नाव लिहिलेलं नाही.