उसने खेळाडू, रोख भांडणं

फुटबॉलमधली ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू विकत किंवा उसने घ्यायचा ठरावीक काळ, उघडली की आमच्या टोळक्यातला प्रत्येक जण चार्टर्ड अकाउंटंट होतो. एरवी ज्याला स्वतःच्या पगारातून काय कापलं गेलं ते कळत नाही, तो मला खेळाडूची किंमत कराराच्या पाच वर्षांत कशी विभागतात ते शिकवतो. पैसे क्लबचे, पण तळतळाट असा, की वाटावं हप्ते यालाच भरायचेत.

यंदा आमचा क्लब एक स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा गडी, लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून काही काळापुरता उसना, आणणार अशी कुणकुण लागली आणि माझ्या संध्याकाळी संपल्या. एका गटाचं म्हणणं, लोन म्हणजे शहाणपण; आधी खेळवून बघा, मग पैसे मोजा. दुसऱ्या गटाला ते परक्याचं पोर सांभाळण्यासारखं वाटतं. खाऊपिऊ आपण घालायचं आणि मे महिन्यात त्याने टाटा करून मूळ घरी जायचं. पहिला गट फ्रान्सच्या एम्बाप्पेचं उदाहरण काढतो. तो 2017 मध्ये मोनाको क्लबकडून पॅरिस सेंट-जर्मेनकडे लोनवरच गेला होता, पुढच्या वर्षी 18 कोटी युरोंना कायमचा झाला. त्यावर दुसऱ्या गटाकडून बेल्जियमचा लुकाकू येतो. चेल्सीने 2021 मध्ये त्याच्यासाठी जवळपास 10 कोटी पौंड मोजले आणि वर्षभरात, ज्या इटलीतल्या इंटर मिलानकडून आणला त्याच इंटरला लोनवर देऊन टाकला! इथे दोन्ही गट क्षणभर गप्प होतात. दुसऱ्याच्या क्लबचा तोटा ऐकताना बरं वाटतं.

आपली पोरं बाहेर पाठवायची वेळ आली की इंग्लंडचा हॅरी केन. तो तरुणपणी लोनवर जिथे जिथे खेळला, ते क्लब: लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर ही नावं आमच्यात गणपतीच्या आरतीसारखी पाठ आहेत. आमच्या क्लबने लोनवर धाडलेला प्रत्येक पोरगा उद्याचा केन असतो, मग तो तिकडे हिवाळाभर बाकावर का बसेना.

खरा छळ मात्र अटींचा. खरेदीचा पर्याय की खरेदीची सक्ती, म्हणजे लोननंतर खेळाडू हवा तर विकत घ्यायचा की घ्यावाच लागणार, यावर मी लोकांना जेवण अर्धवट टाकून उठताना पाहिलंय. 2022 मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिद बार्सिलोनाकडून लोनवर आणलेल्या ग्रीझमनला सामन्याच्या तासाभराने मैदानात सोडायचं. कारण करारातली 45 मिनिटांची अट. पुरेशा सामन्यांत तेवढा वेळ तो खेळला असता, तर अ‍ॅटलेटिकोला तो विकत घेऊन बार्सिलोनाच्या हातावर 4 कोटी युरो ठेवावे लागले असते. हे कळल्यापासून आमचा एक मित्र चेंडूकडे बघतच नाही, घड्याळाकडे बघतो. गोल झाला तर विचारतो, "कितवं मिनिट?"

आणि कोणी फारच शांत बसलेला दिसला, तर कुटिन्यो आहेच. 2020 मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला 8-2 असं धुतलं, त्यातले शेवटचे दोन गोल बार्सिलोनानेच लोनवर दिलेल्या या गड्याचे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळू शकत नाही. युरोपीय क्लब स्पर्धांत अशी सोय नाही. "म्हणून म्हणतो, धोरण पाहिजे!" असं इथे कोणीतरी ओरडतंच. धोरण म्हणजे काय, हे विचारायची हिंमत मी करत नाही. उसन्या खेळाडूने गोल केला की संचालक दूरदर्शी ठरतात, नाही केला की त्यांना हाकला. माझ्या समजुतीप्रमाणे धोरण ते एवढंच.

विंडो बंद व्हायच्या रात्री आम्ही सगळे जागे. स्ट्रायकर आलाच नाही. अगदी शेवटी घोषणा झाली ती तिसऱ्या गोलकीपरची. लोनवर. त्याचं नावही कोणी ऐकलं नव्हतं, तरी पाच मिनिटांत दोन गट पडले, आणि घड्याळवाल्या मित्राने पहिला प्रश्न टाकला, "पर्याय की सक्ती?"