बोटभर फट पुरत नाही

इंग्लंडमधल्या जुन्या घरांतल्या शेकोटीच्या कोनाड्यांसाठी सध्या एक सल्ला फिरतोय: ‘कोनाडा विटांचाच आहे, पेट घेणार नाही, लाकडाचा स्टोव्ह बोटभर फट ठेवून बसवा.’ हे अर्धंच खरं आहे. वीट जळत नाही, पण स्टोव्हची बरीच उष्णता त्याच्याभोवती फिरणाऱ्या हवेतून खोलीत येते. फट चिंचोळी असेल तर ही उष्णता भिंतीतच मुरते. वर लाकडी तुळई किंवा चौकट असेल तर धोका आगीचाच. म्हणून मॉडेलच्या माहितीपत्रकातली दोन्ही अंतरं पाहा: विटांपासूनचं वेगळं, जळू शकणाऱ्या वस्तूंपासूनचं वेगळं.

माप फक्त दर्शनी भागाचं घेऊ नका. जुने कोनाडे आत निमुळते होतात, टेप पाठच्या भिंतीला टेकवून रुंदी घ्या. कोनाडा उथळ असेल तर धुराचं तोंड वर असलेला स्टोव्ह निवडा. मागच्या तोंडाला लागणारा ‘टी’ आकाराचा नळीचा जोड बरीच जागा खातो. दार बंद ठेवूनच जळणाऱ्या स्टोव्हपुढे न जळणारी फरशी किमान २२५ मिमी हवी, उघड्या दारानेही चालणाऱ्यापुढे ३०० मिमी.

आणि कोनाडा भरावा म्हणून मोठा स्टोव्ह मुळीच नको. तो धुमसत ठेवावा लागतो, धुराड्यात डांबर साचतं आणि तेच पुढे पेटतं.