‘लांडगे आले, मूस घटले’ इतकं सरळ आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आयल रॉयल बेटावरचे मूस घटण्यात हवामानाचा हात आहे, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचा मुद्दा थोडक्यात सांगतो. 2018-19 मध्ये अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या या बेटावर 19 लांडगे आणून सोडले. तेव्हा तिथले मूस (हरणाच्या कुळातलं अवाढव्य जनावर) दोन हजारांच्या घरात होते, 2024 च्या गणनेत ते 840 वर आले. ‘आमच्या माळावर लांडगा फिरायला लागला की मेंढरं कमी होतात, हे पोरासोरालाही कळतं. हवामानाला मध्ये कशाला ओढता?’ असं तुम्ही विचारलंत.

आधी माझी चूक कबूल करतो. लांडग्यांचा वाटा ‘किरकोळ’ आहे असं मी लिहिलं होतं. ते चुकलंच. गेल्या काही वर्षांतल्या घटीत लांडग्यांचा हात मोठा आहे, वासरांवर तर त्यांचा डोळाच असतो. तो शब्द मी लेखातून काढला आहे.

पण मेंढरांचा दाखला इथे लागू पडत नाही. धडधाकट मूस चारशे किलोंच्या आसपास भरतो आणि त्याची लाथ बसली तर लांडग्याच्या बरगड्या मोडतात. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला याच बेटावर विमानातून शिकारी पाहिल्या होत्या. लांडग्यांनी गाठून अजमावलेल्या 77 मूसपैकी फक्त 6 मारले गेले. उभा राहून तोंड देणाऱ्या मूसचा नाद लांडगे बहुधा सोडून देतात. त्यांच्या तावडीत सापडतात ती वासरं आणि सांधे धरलेली म्हातारी जनावरं.

आता 1996 चा हिवाळा बघा. आदल्या वर्षी बेटावर सुमारे 2,400 मूस होते, 1997 मध्ये उरले पाचशेच्या आसपास. तेव्हा लांडगे होते अवघे वीस-बावीस. एवढी जनावरं त्यांनी खाल्ली असतील, हे शक्यच नाही. त्या वर्षी बर्फ अफाट पडला, चारा आधीच ओरबाडून संपला होता आणि अंगावर गोचिडी होत्या. मूस उपासमारीने मेले.

गोचिडीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण हवामान मी मध्ये ओढतो ते मुख्यतः हिच्यामुळे. लहानपणी आजोळच्या गोठ्यात बैलाच्या कानामागची गोचीड मी चिमटीत धरून काढलेली आहे. रक्त पिऊन फुगलेली, एरंडाच्या बीसारखी. एका बैलावर पंधरा-वीस निघाल्या तरी आजोबा काळजीत पडायचे. मूसवरची हिवाळी गोचीड शरद ऋतूत गवता-झुडपांच्या शेंड्यांवर पायात पाय अडकवून झुपक्याने बसते. जाणाऱ्या जनावराला एकदा चिकटली की वसंतापर्यंत त्याच्याच अंगावर राहते. बर्फ लवकर पडला तर झुडपांवरची पिल्लं मरतात. वसंतात बर्फ उशिरापर्यंत टिकला तर खाली गळून पडणाऱ्या माद्या त्यात गारठून जातात. म्हणजे शरद लांबला आणि वसंत लवकर आला, की गोचिडीचं दोन्हीकडून फावतं. मार्च-एप्रिलपर्यंत मूस झाडाला अंग घासघासून केस गमावतो आणि नेमक्या थंडीत ठिकठिकाणी उघडा पडतो.

लांडग्यांशिवाय काय होतं, हे बघायचं असेल तर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू हॅम्पशायर राज्याकडे आणि शेजारच्या मेन राज्याच्या पश्चिम भागाकडे चला. तिथे लांडग्यांचे कळप नाहीत. 2014 ते 2016 या तीन वर्षांत तिथल्या माग ठेवण्यासाठी गळ्यात रेडिओ कॉलर लावलेल्या मूसच्या वासरांपैकी सरासरी 70 टक्के पहिल्याच हिवाळ्याअखेर मेली. एकेका वासरावर सरासरी 47 हजारांहून जास्त गोचिडी! हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरीही ‘लांडगे की हवामान’ हा प्रश्नच मला पटत नाही. बेटावर दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. बर्फ खोल साचला की लांडगे मोठ्या टोळीने शिकार करतात; अशा हिवाळ्यांत दिवसाला मारल्या जाणाऱ्या मूसची संख्या तिपटीवर गेल्याची नोंद आहे. उलट 1980 मध्ये 50 लांडगे होते, ते दोन वर्षांत 14 वर आले. कारण होतं कुत्र्यांमध्ये आजार पसरवणारा पार्वो विषाणू. तो एका पाळीव कुत्र्याबरोबर आला असं मानतात. त्याआधी मूसची संख्या मुख्यतः लांडगे ठरवत होते, त्यानंतर थंडी आणि चारा ठरवू लागले. बेट तेच, मूस तेच, लगाम मात्र हातातून हातात गेला.

तुमचा दुसरा प्रश्न, ‘मग बाहेरून लांडगे आणायचेच कशाला, निसर्गाला सोडा की.’ मूळ लांडगे 1940 च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत आले. 1997 मध्ये असाच एक नर कॅनडाच्या बाजूने आला आणि आपसांतल्या संकराने खंगलेल्या कळपात नवं रक्त मिसळलं. साठच्या दशकात बहुतेक हिवाळ्यांत हा बर्फाचा पूल बनत असे, आता क्वचित बनतो. शेवटी उरले दोन लांडगे, नर आणि त्याचीच मुलगी. ज्या वाटेने नवा जोडीदार आला असता, ती वाट आपण तापवलेल्या हवेने बंद केली. म्हणून लांडगे आणण्याचा निर्णय मला योग्य वाटतो.

840 हा आकडा तुम्हाला भयंकर वाटला, हे मी समजू शकतो. पण बेटाच्या पश्चिम टोकाची बाल्सम फरची रोपं बघा. हे सूचिपर्णी झाड म्हणजे मूसचं हिवाळ्यातलं मुख्य अन्न. मूस येण्याआधी रुजलेली मोठी झाडं तिथे म्हातारी होऊन पडतायत आणि त्यांच्याखालची रोपं कित्येक दशकं दर हिवाळ्यात कुरतडली गेल्याने खुरटलेलीच राहिली. पुढच्या काही वर्षांत ती मूसच्या तोंडाच्या वर जातात का, याकडे माझं लक्ष आहे. काही कळलं की इथेच लिहीन.