नुसती फाईल बघायची होती

टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, फाईल बघायला शिकवणारे सगळे आधी 'कॅट' ही कमांड शिकवतात. माझा या कॅटवर राग आहे. कॅट म्हणजे पंगतीतला आग्रही वाढपी. चार ओळींची फाईल असेल तर ठीक, पण चाळीस हजार ओळींचा लॉग (प्रोग्रॅमनं लिहिलेली नोंदवही) दिलात तर तुम्ही कंट्रोल-सी दाबेपर्यंत तो वाढतच राहतो.

फाईल कसली आहे हेही तो विचारत नाही. फोटो किंवा झिप दिली तरी बिनदिक्कत पडद्यावर ओततो. त्यात १४ क्रमांकाचा बाइट निघाला की काही टर्मिनलं अक्षरसंचच बदलतात आणि प्रॉम्प्टसुद्धा (कमांडची वाट बघणारी ओळ) चौकटींच्या रेघांमध्ये लिहिलेला दिसतो. खिडकी बंद करू नका. आंधळेपणानं 'रीसेट' टाइप करून एंटर मारा. अक्षरं दिसली नाहीत तरी चालेल. एंटरही बधत नसेल तर कंट्रोल-जे.

म्हणून आधी 'लेस', फाईल पानापानानं दाखवणारा. फाईल बायनरी, म्हणजे मजकुराची नसलेली, वाटली तर तो निदान 'तरीही बघायची का?' असं विचारतो. स्पेसनं पुढे, 'बी'नं मागे, स्लॅश देऊन शोध, कॅपिटल 'जी'नं थेट शेवट. लांब ओळी दुमडून गिचमिड होत असेल तर डॅश कॅपिटल एस. खरी गोची बाहेर पडताना होते. एस्केप बडवून उपयोग नाही. कंट्रोल-झेडनं सुटका झाल्यासारखी वाटते, पण लेस मागे गोठून बसलेला असतो आणि लॉगआउट करताना बॅश (आपल्या कमांडी चालवणारा प्रोग्रॅम) 'स्टॉप्ड जॉब्स' म्हणून तक्रार करतं. 'क्यू' दाबा, बस्स.

चालू लॉगसाठी 'टेल डॅश एफ', तो फाईलच्या शेवटी येणाऱ्या नव्या ओळी दाखवत राहतो. इथे छोटा एफ दगा देतो. रात्री लॉगरोटेट हा लॉग आवरणारा प्रोग्रॅम जुन्या फाईलचं नाव बदलून नवी सुरू करतो, आणि टेल इमानेइतबारे जुनीलाच धरून बसतो. सकाळी आपण सर्व्हर किती शांत आहे म्हणून खूश! कॅपिटल एफ दिला की तो नाव धरून नव्या फाईलवर जातो.

मराठी फाईल असली की मग विचारूच नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर कोडपेज (बाइटांवरून अक्षरं ठरवणारा तक्ता) ४३७ असताना 'टाइप' ही तिथली फाईल दाखवणारी कमांड दिली, तर 'म'च्या जागी ग्रीक अल्फा, डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन आणि एक फ्रेंच अवतरणचिन्ह उगवतं. 'सीएचसीपी ६५००१' देऊन कोडपेज यूटीएफ-८ केल्यावर हे आंतरराष्ट्रीय संमेलन उठतं. पण फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर त्यांच्या जागी चौकोन येऊन बसतात. लिनक्सवर लोकेल (भाषा आणि लिपीची सेटिंग) चुकलेलं असेल तर लेस कोनी कंसात नुसते बाइटांचे आकडे दाखवतो. तेव्हा 'लेसकॅरसेट' या व्हेरिएबलमध्ये यूटीएफ-८ भरा.

आणि फाईलची फक्त सुरुवात दाखवणारं 'हेड डॅश सी १०' वापरताना जपून. सी बाइट मोजतो, अक्षरं नव्हे. फाईल 'मराठी' या शब्दानं सुरू होत असेल तर म, र आणि काना यांतच ९ बाइट संपतात. दहावा 'ठ'चा एक तृतीयांश, त्याचं होतं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. त्याच्या आधी पडद्यावर स्वच्छ, शुद्ध देवनागरीत: 'मरा'.