तो काळेपणा नाही, टोन आहे!

ड्रमरच्या बायकोला आवाजाचा त्रास होत असेल, असं लोकांना उगाच वाटतं. आवाज एक वेळ परवडला असता. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ड्रम वाजवायला सोसायटीने केव्हाच मनाई केली आणि तेव्हापासून ह्यांची सगळी कला ड्रमच्या देखभालीत उतरली आहे.

रविवारी सकाळी स्नेअर ड्रम जेवणाच्या टेबलावर येतो. चावीने एक बोल्ट पाव फेरा आवळायचा, मग त्याच्या बरोब्बर समोरचा. कातडं सगळीकडून सारखं ताणलं गेलं पाहिजे ना! (कातडं म्हणायचीही सोय नाही. ‘मायलर आहे ते, प्लॅस्टिक!’ अशी दुरुस्ती लगेच येते.) काडीने कडेकडेने टकटक करत १० बोल्टांचा सूर जुळेस्तोवर पोहे गार. बरं, त्या ड्रमच्या पोटाखाली तारा असतात. कुकरची शिट्टी झाली की त्या झणझणतात, मी शिंकले तरी झणझणतात. मग ‘जरा हळू शिंक’ असं मला सांगण्यात येतं.

सिंबलची, म्हणजे ड्रमच्या जोडीला वाजवायच्या थाळीची, कथा वेगळीच. ८० टक्के तांबं, २० टक्के कथील, म्हणजे हिशेबाने आमच्या काशाच्या वाटीचीच बहीण. सासूबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत सिंबल काळवंडलेली बघितली आणि चिंच-मीठ घेऊन बसल्या. ह्यांनी अक्षरशः झडप घातली. “आई, तो काळेपणा नाही, टोन आहे! घासलीस तर आवाज चरचरीत होईल!” सासूबाई गप्प बसल्या, पण स्वयंपाकघरातून आमच्या मावशींनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी करपलेली कढई तशीच पालथी. विचारलं, तर म्हणाल्या, “असू द्या ताई, टोन आहे तो.”

संध्याकाळी जाझ. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बममधलं ‘सो व्हॉट’ नऊ मिनिटांचं आहे म्हणे. मला पहिली दीडच ठाऊक. ट्रम्पेटचा सोलो सुरू होतो, नेमका तिथे त्याचा ड्रमर जिमी कॉब सिंबलवर एक तडाखा देतो. तो विरेपर्यंत ह्यांचा श्वास अडकलेला. मग “ऐकलंस? किती रेंगाळला!” आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. अख्ख्या जगाने डोक्यावर घेतलेला माइल्स आमच्या हॉलमध्ये चार सुरांपलीकडे जाऊ शकलेला नाही. त्याच्यानंतर वाजवणारा सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन तर आमच्याकडे अजून आलेलाच नाही.

यंदा सोसायटीच्या गणपतीत कुणीतरी कौतुकाने ह्यांच्या हातात झांज दिली. जाझमध्ये हायहॅट (पायाने मिटायची सिंबलची जोडी) दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर मिटतो, त्याच हिशेबाने ह्यांनी ‘सुखकर्ता’ धरली. बाकी सगळ्यांच्या टाळ्या पहिल्या मात्रेवर, ह्यांची झांज अधल्यामधल्या. आधी तळमजल्याचे काका बिचकले, मग पोरं. ‘लवथवती’पर्यंत निम्मी सोसायटी ह्यांच्या मागे, निम्मी गुरुजींच्या. हे मात्र डोळे मिटून, मान डोलावत रंगलेले. गुरुजींनी दुर्गा, विठ्ठल, दत्त सगळ्यांना वगळून थेट ‘घालीन लोटांगण’ घेतलं.